एक मेच्या सकाळी घरी कोण गेलं?

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

आजच्याच तारखेला, १७०७ साली, एडिंबरात स्कॉटलंडच्या संसदेने स्वतःच्या शेवटावर मतदान केलं. आणि हो म्हटलं! तलवार नाही, वेढा नाही. पंचवीस कलमं. एक कलम वाचायचं, त्यावर भांडायचं, मत द्यायचं, मग पुढचं. बाहेर रस्त्यावर लोक दगड मारत होते आणि आत कलमं चालू होती. इंग्लंड आणि स्कॉटलंड — शेकडो वर्षं एकमेकांची गावं जाळणारे शेजारी — कायदा करून एक राज्य झाले.

गिळलेली राज्यं इतिहासात ढिगाने सापडतात. बोलून, लिहून, सह्या करून एक झालेली किती?

प्रबंधाचं पहिलं पान आज लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा जमलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, मिटलं एकदाचं." मग बाबांनी फोन घेतला. "हे शिकून नोकरी कसली लागते गं, जाई?" बाबा बार्शीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा असं विचारायचा त्यांचा हक्कच आहे. मी म्हटलं, "कायदे लिहायची." ते म्हणाले, "कुणाचे?"

मी म्हटलं, "बाबा, जेवलात का?"

२१ जानेवारी, रविवार

आज काय फजिती! कट्ट्याचं हळदीकुंकू आणि परिवाराचं हळदीकुंकू एकाच दिवशी, एकाच वेळी.

कट्टा म्हणजे अरुणाकाकूंचं मंडळ. काकू म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. या परक्या बेटाच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगच्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली माझी. इथल्या शिपयार्डात चाळीसेक वर्षांपूर्वी जे मराठी इंजिनिअर आले त्यांनी कट्टा सुरू केला. काकूंचे यजमान त्यातलेच. ते गेले, आणि अध्यक्षपद काकूंकडे आलं. आता उरलेत ते बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे.

परिवार म्हणजे मोठं मंडळ. बेटाच्या दक्षिणेला, भर शहरातल्या तांजोंग पगारच्या बँकांतले, आयटीतले लोक. स्टेज, माईक, प्रायोजक, मुलांचा डान्स, सगळं.

तर आज आमच्याकडे तिळगूळ भरपूर आणि बायका सात. त्यातल्या दोघी "तिकडेही तोंड दाखवायचंय" म्हणून लवकर उठल्या. काकू हसतमुखाने वाण वाटत होत्या. सगळे गेल्यावर उरलेल्या वाणाच्या पिशव्या कपाटात ठेवताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कमी आणायला हवं." एवढंच.

२७ जानेवारी, शनिवार

शिरीष सर घरी आले होते. परिवाराचे अध्यक्ष. मोठ्या बँकेत मोठ्या पदावर, पण चपला बाहेर नीट जोडीने काढून आत आले आणि काकूंना वाकून नमस्कार केला.

"काकू, त्या रविवारचं फार वाईट वाटलं. आपण एक होऊ या ना. एवढ्याशा बेटावर दोन-दोन मंडळं कशाला?"

काकू म्हणाल्या, "एक होऊ या, खरं. पण एक म्हणजे कोण?"

ते हसले. त्यांना वाटलं, काकू गंमत करतायत.

कट्ट्याची अडचण मला माहीत आहे. नियमाप्रमाणे अध्यक्ष, सचिव, खजिनदार हवेत. सचिव निशिकांतकाका जूनमध्ये मुलाकडे पुण्याला जाणार, कायमचे. त्यांच्या जागी कुणीच तयार नाही. म्हणजे एक झालो नाही तरी कट्टा आपोआप बंद पडणार. आणि चुकीच्या पद्धतीने एक झालो, तरी बंदच!

चहा देताना काकूंनी माझी ओळख करून दिली. "ही जाई. दोन राज्यं एक कशी करायची, त्यातच एम.ए. करतेय."

शिरीष सर म्हणाले, "अरे वा! मग मसुदा हिच्याकडेच! आमचा अंकुर आहे मदतीला. सीए आहे, नियम त्याला पाठ."

मी हो म्हटलं. विचार न करता, लगेच. बाबा, आता सांगते — कुणाचे कायदे ते!

४ फेब्रुवारी, रविवार

पहिली संयुक्त बैठक. पहिल्या पाच मिनिटांत बोंबलली. माझ्यामुळे.

रात्रंदिवस खपून मसुदा केला होता. वर जाड अक्षरात मथळा: "विलीनीकरणाचा मसुदा". मला वाटलं, शुद्ध, भारदस्त शब्द. शाळेच्या पुस्तकात संस्थानांचं विलीनीकरण, वर्तमानपत्रात बँकांचं विलीनीकरण. दुसरा शब्द सुचलाच नाही.

निशिकांतकाकांनी चष्मा वर केला. "विलीन? म्हणजे पाण्यात साखर. साखर गेली, पाणी उरलं. आमचं जतचं संस्थानही विलीनच झालं होतं. आजोबा दरबारात कारकून होते. दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही, काय हो, चहा घेणार का?"

परिवाराच्या सचिव नीलिमाताई म्हणाल्या, "काका, शब्दावर कुठे अडता! व्यवहार बघा. तुम्ही आहात किती जण?"

बस्स! काका उठले. त्यांच्यामागे सगळा कट्टा. काकू शेवटी उठल्या. त्यांनी मसुद्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

अंकुर लिफ्टपाशी म्हणाला, "अभिनंदन. मथळ्यावरच सरकार पाडलंस."

त्या दिवशी हो म्हणायच्या ऐवजी मी गप्प बसले असते तर!

५ फेब्रुवारी, सोमवार

काकूंनी सकाळी पोहे पुढे ठेवले आणि विचारलं, "तुझ्या त्या स्कॉटलंडवाल्यांनी कुठला शब्द वापरला होता?"

मी सांगितलं. त्यांनी 'एकत्र होणं' म्हटलं होतं. पहिल्या कलमातच लिहिलंय, दोन्ही राज्यं मिळून एक राज्य होईल आणि त्याचं नाव ग्रेट ब्रिटन. इंग्लंड नाही, स्कॉटलंड नाही. तिसरंच नाव! राणी आधीपासून दोघांची एकच होती, पण संसदा दोन होत्या. त्या दोन्ही संपून तिसरी झाली. कोणी कोणात विलीन झालं नाही, काकू.

"दोन्ही संपल्या?"

"दोन्ही."

"मग ठीक आहे. तसं लिही." आणि पोह्यांवर परत लिंबू पिळलं.

नवा मथळा: "दोन मंडळांचं एकत्र होणं". भारदस्त नाही. पण खरा आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस विसरणार नाही!

कल्पना माझी. १७०६ साली लंडनला दोन्हीकडचे प्रतिनिधी बसायचे ते वेगवेगळ्या खोल्यांत. समोरासमोर वाद नाही. जे काही म्हणायचं ते लिहून दुसऱ्या खोलीत पाठवायचं. शत्रुत्व इतकं जुनं, की तोंडाने बोलले असते तर पहिल्याच दिवशी मोडलं असतं. लिहिताना माणूस जरा थांबतो. तीन महिन्यांत त्यांनी सगळी कलमं ठरवली.

म्हणून तोआ पायोहला — दोघांना सारखंच लांब — दोन खोल्या घेतल्या. एकीत कट्टा, एकीत परिवार. मधल्या बोळातून कागद घेऊन ये-जा करणारी मी.

कट्ट्याच्या खोलीत चिवडा, परिवाराच्या खोलीत सँडविच. नीलिमाताईंची मुलगी ऋचा दारात फोन घेऊन बसली होती. मला चौथ्यांदा जाताना बघून म्हणाली, "आंटी, जस्ट मेक वन ग्रुप चॅट, लाह!"

परिवाराकडून पहिला कागद: "गणपती पाच दिवसांचा असावा."

कट्ट्याचं उत्तर: "आमचा दीड दिवसाचा असतो. आमच्या गुडघ्यांनाही दीडच दिवस झेपतो."

परिवार: "दीड दिवस कट्ट्याच्या पद्धतीने, उरलेले आमच्या पद्धतीने?"

कट्टा: "दीड दिवसांनी गणपती आपली पद्धत बदलणार काय?"

हा कागद नेऊन दिला तर परिवाराच्या खोलीत हशा पिकला! शिरीष सर सगळ्यांत मोठ्याने हसले. तो हशा भिंतीतून इकडे ऐकू आला, आणि निशिकांतकाका पाठ ताठ करून बसले. गालात हसत होते. "पाच द्या त्यांना," म्हणाले. "विनोद कळतोय लोकांना."

समोरासमोर हे झालं असतं? शक्यच नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या विगवाल्या माणसांनो, तुम्हाला माझा दंडवत!

३ मार्च, रविवार

पुन्हा दोन खोल्या. आज कट्ट्याच्या अटी.

स्कॉटलंडने दोन गोष्टी सोडल्या नाहीत. आपलं चर्च आणि आपली न्यायालयं. एकोणिसावं कलम तर मला पाठच आहे. तिथलं वरिष्ठ न्यायालय स्कॉटलंडमध्येच राहील, येणाऱ्या सर्व काळासाठी. आणि चोविसावं — मुकुट, राजदंड, तलवार, राज्याचं दफ्तर, सगळं स्कॉटलंडमध्येच ठेवायचं. मोठ्या राज्यात जाताना लहान राज्याने काय सोडू नये, याची इतकी स्वच्छ समज! पैसे वाटून मतं फिरवली असंही पुस्तकात आहे, ते मी प्रबंधात लिहिणार आहे. पण पैसे खाल्लेल्या माणसांनी लिहिलेलं न्यायालय अजून चालू आहे. आज, २०२४ मध्ये, तिथे खटले चालतात!

हे सगळं मी कट्ट्याच्या खोलीत सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मुकुट काय आपल्याकडे नाही. पातेलं आहे."

कट्ट्याचं ते अजस्र पातेलं. शिपयार्डातल्या वेल्डरकडून कान जोडून घेतलेलं. त्यात शंभर माणसांची आमटी होते. कलम ठरलं: पातेलं सेम्बावांगमध्येच राहील. परिवाराने मागायचं, वापरायचं, घासून परत करायचं.

दुसरी अट लिहायला काकूंना वेळ लागला. पेन घेऊन बसल्या होत्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "महिन्याचा शेवटचा रविवार बिनमाईकचा."

कट्ट्याचा तो रविवार मी पाहिलाय. काही कार्यक्रम नसतो. लोक येतात, चहा पितात, गोल बसतात. कुणी गावाकडचं सांगतं, कुणी पेपरातलं वाचतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या शेजारी कुणीतरी सरकून बसतं. इथे आले तेव्हा माझं कुणीच नव्हतं. पहिल्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी काकूंनी मला ओढत नेलं, आणि एका आजोबांनी विचारलं, "बार्शीची का? मग डेपोसमोरच्या भजीवाल्याचं काय झालं?" मी तिथेच रडले होते.

कागद परिवाराच्या खोलीत नेला. नीलिमाताई म्हणाल्या, "बिनमाईकचा म्हणजे काय नेमकं? थीम काय?" शिरीष सरांनी कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "माझे वडील असे बसायचे. मिरजेला, देवळाच्या पायरीवर." त्यांनी कागदावर लिहिलं, "मान्य." आणि पुढे स्वतःहून जोडलं, "कायमचं."

मी बोळात पाच मिनिटं उभी राहिले. कागद पुन्हा पुन्हा वाचत. आनंदाने!

७ मार्च, गुरुवार

मसुदा पूर्ण. नवं मंडळ एक मेपासून, त्याआधी एप्रिलमध्ये दोन्हीकडे सभा आणि ठराव. तिकडे १७०७ साली एक मे, आणि इकडे आपला महाराष्ट्र दिनही एक मे! हे मी मुद्दाम केलेलं नाही, नीलिमाताईंनी सुचवलं. देव आहे.

१४ मार्च, गुरुवार

माझे मार्गदर्शक प्रोफेसर तान यांनी माझं तिसरं प्रकरण वाचलं. ते कमी बोलतात. इंग्रजीतच, पण हळू.

"छान आहे. तू यांच्यावर प्रेम करतेस, ते दिसतं. एक प्रश्न. एक मेच्या सकाळी एडिंबरात कोण घरी गेलं?"

मी म्हटलं, संसद. सगळे सदस्य. त्यातून फक्त पंचेचाळीस जण लंडनच्या सभागृहात जाणार होते.

"बरोबर. आणि लंडनमध्ये कोण घरी गेलं?"

मी प्रकरणाची पानं उलटली.

कोणीच नाही. निवडणूकसुद्धा झाली नाही. इंग्लंडच्या संसदेत जे बसले होते तेच नव्या संसदेत बसले. तीच इमारत, तीच बाकं. सभापतीसुद्धा तोच! नाव बदललं, आणि मागे चार जास्तीच्या रांगा.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तारखांसकट. पण दोन्ही संपून तिसरं झालं, हे वाक्य इतकं आवडलं होतं, की त्याच्या पलीकडे बघितलंच नाही. पोहे खाताना काकूंना छातीठोक सांगितलं, दोन्ही!

१५ मार्च, शुक्रवार

अंकुरला गाठलं. त्याच्या ऑफिसखाली, तांजोंग पगारच्या एका कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, टपरीवर. विचारलं, "एक मेला कायद्याने नक्की काय होणार? सोप्या भाषेत सांग."

"सोप्या भाषेत? एप्रिलच्या सभेत कट्टा विसर्जित. परिवार नाव बदलणार. कट्ट्याचे लोक त्यात सदस्य होणार."

"परिवार विसर्जित नाही?"

"कशाला? मंडळ विसर्जित करायचं तर एकूण सदस्यांच्या तीन-पंचमांश मतं हवीत. कट्ट्याला जमेल, माणसं मोजकी आहेत. परिवाराची इतकी माणसं एका जागी फक्त कोजागिरीला येतात. ती पण मसाला दुधाला!" मग माझा चेहरा बघून तो वरमला. "मला वाटलं तुला माहीत आहे. सगळीकडे असंच करतात, जाई."

त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, शिरीष सरांची बँक. गेले तशीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडले नाहीत.

"तुझा मुद्दा समजतो. पण वीस वर्षांचं नाव आहे. दूतावासात, शाळांत, प्रायोजकांत. ते बंद करून परत परवानगीसाठी अर्ज करायचा? नाही मिळाली वेळेत तर? मी सदस्यांना काय सांगू, एका शब्दासाठी घर पाडलं?"

मी म्हटलं, "कट्टा पाडतोच आहे ना, सर."

ते उठून उभे राहिले. खिडकीतून खाली बघत राहिले. मला वाटतं, मी उद्धट बोलले. पण खोटं बोलले नाही.

१६ मार्च, शनिवार

काकूंना सांगितलं. त्या गवार निवडत होत्या. मीही समोर बसले आणि निवडता निवडता सांगितलं. लंडनमध्ये कोणी घरी गेलं नाही, ते. आणि इथेही तसंच होणार, ते.

"म्हणजे आपण घर सोडायचं," काकू म्हणाल्या, "आणि त्यांनी पाटी बदलायची."

"हो."

"आणि पातेलं? रविवार?"

"ते कलमात आहे. ते राहील."

"तुझ्या त्या कोर्टासारखं."

"हो काकू. ते तीनशे वर्षं राहिलंय."

काकूंनी आणखी मूठभर गवार मोडली. मग त्या म्हणाल्या, "मसुद्यात सरळ लिही. कट्टा विसर्जित होत आहे. एकत्र होणं बिणं गोड लिहू नकोस तिथे. ज्याला हात वर करायचाय त्याला कळू दे, कशाला करतोय ते."

"तुम्ही ठराव मांडणार? अजूनही?"

"जूनमध्ये निशिकांत जाणार. मग आपोआप मोडेल, कुणी न मोडता. त्यापेक्षा आपण होऊन केलेलं बरं. आणि एकट्याने चहा पिणारी चार म्हातारी माणसं आहेत माझ्याकडे, जाई. त्यांना शेवटचा रविवार हवाय. पाटीवर नाव कुणाचं का असेना." थोडं थांबून, "माझं एक सोड. मला पाटीही हवी होती."

किती मोठी बाई आहे ही! मी एडिंबरात शोधत होते, आणि या इथे गवार निवडत बसल्यात.

१७ मार्च, रविवार

मसुदा दुरुस्त केला. "विसर्जित" हा शब्द टाइप केला, खोडला. परत टाइप केला. प्रबंधाचं तिसरं प्रकरणही पुन्हा लिहायला घेतलं. माझा त्या माणसांबद्दलचा आदर कमी झालेला नाही. उलट, एडिंबरात हात वर करणाऱ्यांना हे नक्की माहीत असणार, की घरी आपणच जाणार आहोत. माहीत असूनही त्यांनी कलमं इतकी जपून लिहिली.

२८ मार्च, गुरुवार

अंकुरचा मेसेज: "सर मला रोज एकच प्रश्न विचारतायत. तू काय केलंस त्यांना?" कुठला प्रश्न, ते सांगत नाही. आगाऊ.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. काकूंनी गुढी खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या बांबूच्या खोबणीत उभारली. दर वर्षी तशीच उभारतात म्हणे. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीने वर बघून अंगठा दाखवला. "व्हेरी नाइस! युअर लाँड्री गेट मॅरीड, आह?"

काकू इतक्या हसल्या, की डोळे पुसायला लागले. पुसत राहिल्या. मी साखरगाठ शोधायच्या निमित्ताने आत गेले.

१४ एप्रिल, रविवार

कट्ट्याची सर्वसाधारण सभा. सेम्बावांग, इमारतीखालची मोकळी जागा, प्लास्टिकच्या खुर्च्या. माईक अर्थातच नाही.

सगळे आले. एक आजोबा व्हीलचेअरवर, मदतनीस बाईसोबत. ज्यांनी दोन वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं तेही. आणि सगळ्यांत मागे, पाहुणे म्हणून, शिरीष सर. एकटे. नीलिमाताई नाहीत, अंकुर नाही.

काकूंनी मसुदा पूर्ण वाचला. एकही कलम गाळलं नाही. पातेल्याच्या कलमावर हशा. बिनमाईकच्या रविवारवर कुणीतरी "वा!" म्हटलं. मग शेवटचं. "सेम्बावांग मराठी कट्टा ही संस्था आजपासून विसर्जित करण्यात येत आहे."

निशिकांतकाका उभे राहिले. "अध्यक्षबाई, एक विचारतो. परिवार पण विसर्जित होणार का?"

"नाही."

"का नाही?"

"त्यांची माणसं जास्त आहेत. जमत नाहीत."

"म्हणजे आपण जमलो, हा आपला गुन्हा!"

काकू म्हणाल्या, "निशिकांत, गुन्हा नाही. आपण जमतो, तेवढंच आपलं आहे. ते घेऊनच तिकडे जायचंय. ते पाटीवर नव्हतं कधी." मग सगळ्यांकडे बघून, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा." आणि पहिला हात त्यांचाच.

क्षणभर तो एकच हात होता. बांगड्या कोपरापर्यंत घसरलेला. मग व्हीलचेअरवरच्या आजोबांचा. त्यांचा हात पूर्ण वर जाईना, मदतनीस बाईने खालून आधार दिला. मग एकेक. निशिकांतकाकांचा शेवटी. त्यांनी दुसऱ्या हाताने डोळे झाकले होते.

तीन-पंचमांश? सगळेच!

मी किती वेळा लिहिलंय, स्कॉटलंडच्या संसदेने मत दिलं. कर्ता, कर्म, क्रियापद. ते दिसतं कसं, ते आज बघितलं.

चहा झाला. शिरीष सर चहाला थांबले नाहीत. कुणाशी न बोलता गेले. काकू म्हणाल्या, "घाई असेल." मला राग आला. एवढ्या माणसांनी हात वर केला, निदान दोन शब्द बोलायचे!

१५ एप्रिल, सोमवार

काकू सकाळी नेहमीसारख्या सहाला उठल्या. अध्यक्ष नसलेल्या. मला म्हणाल्या, "आज काही वेगळं दिसतंय का गं माझ्यात?" मी म्हटलं, "नाही." "मग ठीक," म्हणाल्या, आणि दूध तापायला ठेवलं.

२१ एप्रिल, रविवार

परिवाराची सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी. नाव बदलायचा ठराव. आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलंय. काकू म्हणतात जाऊ. मला जावंसं वाटत नाही. अंकुरला तसं सांगितलं, तर त्याने उलट विचारलं, "व्हीलचेअरवरच्या आजोबांना आणायला गाडी पाठवू का?" हा मुलगा असा कधीपासून विचार करायला लागला?

परिवारातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, की आठवडाभर तिला रोज फोन येतायत. "रविवारी काही झालं तरी ये." स्वतः अध्यक्षांचे! नाव बदलायला इतकी माणसं कशाला हवीत त्यांना?

२८ एप्रिल, रविवार

शिरीष सरांनी नाव बदलायचा ठराव मागे घेतला. दुसरा मांडला. विसर्जनाचा. परिवाराच्या! म्हणाले, "मागच्या पंधरवड्यात सेम्बावांगला मी एक हात वर जाताना पाहिला. त्यानंतर नुसती पाटी बदलायची मला लाज वाटते." सभागृह खच्चून भरलेलं, भिंतींना टेकून माणसं उभी. नीलिमाताईंनी अनुमोदन दिलं. हात मोजायला अंकुरला दोनदा फिरावं लागलं. मंजूर! सर रोज त्याला विचारायचे तो प्रश्न हाच होता म्हणे: तीन-पंचमांश म्हणजे किती माणसं?

नव्या मंडळाचा अर्ज उद्या जाणार. परवानगी यायला किती दिवस लागतील कुणालाच माहीत नाही. एक मेचा मुहूर्त तर हुकलाच. आज या बेटावर कट्टाही नाही आणि परिवारही नाही. बाहेर पडताना सगळे एकमेकांकडे बघत होते, आता आपण कोण? काकूंनी शिरीष सरांच्या पाठीवर थाप मारली. "आता तुम्हीही बेघर. चला, चहा प्यायला सेम्बावांगला."

आज महिन्याचा शेवटचा रविवार. लिहितेय, आणि बाहेर काकूंच्या हॉलमध्ये माणसं मावत नाहीत.